पुढचं वाक्य कुठे गेलं?

प्रिय डायलॉगा,

परवा आमच्या सोसायटीच्या सभेत तू नेमका नको तेव्हा आलास. एका सभासदाचा मेन्टेनन्स बरेच महिने थकलेला. सेक्रेटरींनी शेवटी सगळ्यांसमोर विषय काढला आणि हप्ते ठरवून देणाऱ्या कागदावर सही मागितली. गृहस्थ उठले, मान किंचित तिरकी केली, आवाज पोटातून काढला आणि म्हणाले, "जाओ, पहले उस आदमी का साइन लेके आओ..." पुढे त्यांनी बिल्डरचं नाव जोडलं. सभा खळाळून हसली, मागच्या रांगेतून शिट्टी आली आणि सेक्रेटरी निमूटपणे पाण्याच्या टाकीच्या विषयाकडे वळले. पैसे अजून आलेले नाहीत.

म्हणून हे पत्र. तक्रार त्या गृहस्थांबद्दल नाही, नक्कल झकास होती त्यांची. तक्रार तुझ्याबद्दल आहे. तू आम्हाला जगायला शिकवतोस असं लोक म्हणतात. तुझ्या नावाने सुविचारांचे फोटो फिरतात, भाषणांचे शेवट होतात, रिक्षांच्या पाठी रंगतात. पण तू आमच्यापर्यंत अर्धाच येतोस. पडद्यावर तुला कुणीतरी उत्तर देत असतं, तुझी किंमत कुणीतरी मोजत असतं. बाहेर पडताना तू ते सगळं आत टाकून येतोस. शिकण्यासारखं जे काही असतं ते बहुतेक तिथेच राहतं.

'दीवार'चंच घे. १९७५ सालचा सिनेमा, दिग्दर्शक यश चोप्रा, लेखक सलीम-जावेद. इन्स्पेक्टर झालेला धाकटा रवी स्मगलर झालेल्या थोरल्या विजयपुढे कागद ठेवतो, गुन्हे कबूल कर म्हणतो. तेव्हा विजय तो प्रसिद्ध हिशेब मांडतो: ज्याने वडिलांची सही घेतली त्याची सही आण, ज्याने आईला शिवी देऊन कामावरून काढलं त्याची आण, ज्याने माझ्या हातावर गोंदलं त्याची आण. यातली पहिली सही सगळ्यात महत्त्वाची. वडील कामगार पुढारी होते. मालकाने बायकापोरांच्या जिवाची धमकी देऊन त्यांच्याकडून सही करून घेतली, आणि त्या एका सहीपायी कामगारांच्या लेखी ते गद्दार ठरले. पोराच्या हातावर 'मेरा बाप चोर है' आलं ते त्यामुळे. म्हणजे विजयला सही या गोष्टीचीच जखम आहे. मेन्टेनन्स बुडवणाऱ्याला ती जखम नसते, पण त्याला तुझा आवाज फुकट मिळतो.

आणि रवी त्यावर गप्प बसत नाही, हे कुणाच्या लक्षात आहे? तो म्हणतो की दुसऱ्यांची पापं मोजून दाखवल्याने तुझी स्वतःची पापं कमी होणार नाहीत. सिनेमातलं सगळ्यात उपयोगी वाक्य हेच असावं. घरात, कचेरीत, टीव्हीवरच्या चर्चांमध्ये, विधानसभेत, कुठेही लागू पडतं. 'आधी त्याला विचारा' या एकाच युक्तिवादावर निम्मा देश चालू असताना तर ते शाळेच्या भिंतीवर रंगवायला हवं. पण आजवर एकाही सभेत, एकाही लग्नात, कुणीही रवीची नक्कल केलेली मी पाहिलेली नाही.

का केली नाही याचं कारण मला कळतं आणि ते मला आवडत नाही. अन्यायाची यादी तालात म्हणता येते. तीच सुरुवात तीनदा, दर वेळी एक पायरी वर. त्यावर अमिताभचा आवाज, आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्याच्या स्वतःच्या अपमानांची यादी आपोआप सुरू होते. रवीचं उत्तर सरळ आहे. सरळ बोलण्याला चाल लावता येत नाही. सलीम-जावेद हे जाणून होते. म्हणूनच त्यांनी रवीची बाजू वाक्यात ठेवली नाही, एका प्रसंगात ठेवली. पाव चोरून पळणाऱ्या मुलावर रवी गोळी झाडतो, मग खायचं घेऊन त्याच्या घरी जातो. मुलाचा बाप निवृत्त शिक्षक, ए. के. हंगल. बायको संतापलेली आहे. हा म्हातारा मात्र म्हणतो की चोरी पावाची असो की लाखाची, चोरीच. भावाविरुद्ध उभं राहायचं बळ रवीला त्या घरात मिळतं. या प्रसंगाचा टी-शर्ट निघत नाही.

मग पुलाखालचा प्रसंग. एके काळी ज्या पुलाखाली झोपले तिथेच दोघे भाऊ भेटतात. विजय बंगला, गाडी, बँक बॅलन्स मोजतो आणि रवी म्हणतो, "मेरे पास माँ है." तुझ्या सगळ्या अवतारांमध्ये हा बहुधा सर्वात जास्त मिरवलेला. मदर्स डेला तर तुला उसंत नसते. पण या वाक्याचं खरं उत्तर विजयने दिलेलं नाही, आईनेच दिलंय. रवी थोरल्याला पकडायला निघतो तेव्हा ती स्वतःच्या हाताने त्याला पिस्तूल देते, गोळी झाडताना हात कापू नये असा आशीर्वाद देते, आणि मग सांगते की बाईने आपलं कर्तव्य केलं, आता आई आपल्या मुलाची वाट बघायला जाते. ती देवळात जाऊन बसते. एरवी देवळाची पायरी न चढणारा विजय तिथे पोचतो आणि तिच्या मांडीवर जीव सोडतो. आई रवीच्या घरी राहिली, पण गेली कुणाकडे? निरूपा रॉय यांच्या त्या दोन वाक्यांपुढे रवीचं चार शब्दांचं वाक्य मला जरा पोरकट वाटतं. तरी स्टेटसवर तूच असतोस.

तुझ्या या कीर्तीत त्याच साली भर पडली. १५ ऑगस्ट १९७५ला 'शोले' लागला, लेखक पुन्हा तेच दोघे. दोनच वर्षांपूर्वी 'जंजीर'च्या वेळी मुंबईभरच्या पोस्टरांवर स्वतःचं नाव रंगवून घ्यावं लागलेली ही जोडी. 'शोले'ची गाणी आली तशी पॉलिडोरने पुढे नुसत्या संवादांची रेकॉर्ड काढली आणि ती तुफान खपली. गाण्याशिवाय फक्त बोलणं ऐकायला लोकांनी पैसे मोजले. पुढे गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यावरून तू आरत्यांच्या मधल्या वेळेत गल्लीभर वाजू लागलास. कितीतरी पोरांना पाढ्यांच्या आधी गब्बर पाठ झाला असेल. गब्बर इतका लाडका झाला की अमजद खान त्याच रूपात ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत आले. गाव लुटणारा डाकू लहान मुलांना बिस्किटं खा म्हणून सांगतोय, आणि आयांना त्यात काही वावगं वाटलं नाही!

"जो डर गया, समझो मर गया." व्यायामशाळेच्या भिंतीवर मी तुला पाहिलंय, स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या फलकावरही. उमेदवारांना धीर देण्यासाठी लावलेला. कुणी म्हटलंय ते? हात हलवत परत आलेल्या आपल्याच तीन माणसांना समोर उभं करून, रिकाम्या चापांचा खेळ खेळून, तिघे वाचले म्हणून सगळ्यांबरोबर पोटभर हसून, मग तिघांनाही गोळ्या घालणाऱ्या मालकाने. घाबरला म्हणून कुणी मेला नाही तिथे, गब्बरने मारलं म्हणून मेले. क्लासच्या फलकावर ते वाक्य वाचताना मला पोरांची तोंडं दिसत नाहीत, क्लास चालवणाऱ्याचं दिसतं.

त्या तिघांतला एक कालिया. विजू खोटे. घोड्यावरून आलेला हा मराठी नट सिनेमात मोजका वेळ आहे. त्याची विनवणी, "मैंने आपका नमक खाया है", आणि तिला मिळालेलं गोळीचं उत्तर, हे मात्र भारतातल्या प्रत्येक नोकरदाराला तोंडपाठ आहे. पुढे जवळजवळ वीस वर्षांनी, १९९४च्या 'अंदाज़ अपना अपना'मध्ये तो तेजाचा हस्तक रॉबर्ट झाला आणि म्हणाला, "गलती से मिस्टेक हो गया." गंमत बघ. एका नटाच्या वाट्याला दोन अजरामर वाक्यं आली आणि दोन्ही साहेबापुढे हात जोडून म्हणायची. एकात इमान दाखवलं, एकात चूक कबूल केली. नायकांच्या आरोळ्यांपेक्षा या दोन वाक्यांत आपल्या रोजच्या जगण्याचं जास्त खरं आहे असं मला वाटतं, कारण आपल्यापैकी बहुतेकांचं आयुष्य कालिया आणि रॉबर्ट यांच्या मधे कुठेतरी जातं. शिवाय यांच्या बाबतीत तुझी चलाखी चालत नाही. कालियाचं वाक्य म्हणणारा माणूस त्याचं उत्तरही हटकून म्हणतोच. २०१९च्या सप्टेंबरअखेर विजू खोटे गेले तेव्हा बातम्यांचे मथळेही त्या मिठावरच होते.

विजू खोटे 'अशी ही बनवाबनवी'तही आहेत, तेव्हा तिकडे वळतो. इथे मात्र तुझ्याशी माझं भांडण नाही. १९८८चा हा सिनेमा हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला, पण त्याची जीभ अस्सल आपली आहे, कारण ती वसंत सबनिसांची आहे. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारे सबनीस. धनंजय माने कोण हे शेंबड्या पोराला माहीत असतं, सबनीस कोण हे विचारलं तर शांतता. "धनंजय माने इथेच राहतात का?" हे वाक्य काय शिकवतं? काही नाही. एक माणूस पत्ता विचारतोय. "सत्तर रुपये वारले", "हा माझा बायको पार्वती", यातून कुणी बोधामृत काढून दाखवावं. तरीही परदेशातल्या एखाद्या मराठी मंडळात अनोळखी माणसाने दारात येऊन पहिलं वाक्य म्हटलं की आतून हसू येतं आणि पुढची ओळख करून द्यावी लागत नाही. चप्पल काढायच्या आत माणूस घरचा होतो. हे काम कोणत्याही सुविचाराला जमलेलं नाही.

आणि नीट पाहिलं तर त्या हसण्याच्या मुळाशी काय आहे? चार तरुणांना पुण्यात राहायला खोली मिळत नाही. एवढंच. दोघांना बायका व्हावं लागतं ते घरमालकिणीला जोडपी भाडेकरू हवी असतात म्हणून. इस्रायलच्या औषधाच्या नावाने घेतलेले सत्तर रुपये वारतात ते धनंजयच्या खिशात परत द्यायला सत्तर रुपये नसतात म्हणून. बॅचलर म्हटल्यावर आजही ब्रोकर फोन ठेवतो, त्यामुळे सिनेमा म्हातारा व्हायला तयार नाही. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या टायमिंगला सलाम आहेच. पण त्या सत्तर रुपयांची टंचाई खरी होती, नाहीतर ते वारल्यावर एवढं हसू आलं नसतं.

'सैराट'बद्दल बोलताना मात्र मी पुन्हा रागावतो. आर्चीचं "इंग्लिशमध्ये सांगू?" २०१६च्या उन्हाळ्यात अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी होतं. मुलींनी ते हक्काने उचललं, छान केलं. पण ते वाक्य बुलेटवर बसणाऱ्या पाटलाच्या पोरीचं आहे. गाव बापाचं, कॉलेजात बापाचा दबदबा, म्हणून जीभ धारदार. मध्यंतरानंतर तीच आर्ची हैदराबादच्या झोपडपट्टीत येते. तिथे तिची मराठीही चालत नाही आणि इंग्लिशही. कारखान्यात काम करत, चुकतमाकत ती तेलुगू शिकते. ती खरी शूर कधी झाली, तर तेव्हा. नागराज मंजुळे यांनी उत्तरार्ध खर्ची घालून ते दाखवलं आणि आपण एका झटक्यात उच्चारता येणारं वाक्य घेऊन घरी आलो. शेवटी तिचं आणि परश्याचं काय होतं ते तर आपण उच्चारतच नाही. याच दिग्दर्शकाने 'फँड्री'च्या शेवटी तुला कटवलं आणि जब्याच्या हातात नुसता दगड दिला. त्या दगडाचं स्टेटस कुणाला ठेवता आलं नाही.

आता एक नाजूक विषय. तू हॉस्पिटलात आणि स्मशानात येतोस त्याबद्दल.

"बाबूमोशाय, ज़िंदगी बड़ी होनी चाहिए, लंबी नहीं." १९७१चा 'आनंद', संवाद गुलज़ारांचे. ऐन चाळिशीत गेलेल्या माणसाच्या घरी, त्याच्या बायकोसमोर, हे वाक्य म्हणणारा पाहुणा मी पाहिला आहे. तो वाईट नव्हता. त्याला दुसरं काही सुचलं नाही. तिने मान हलवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ते वाक्य आनंदचं आहे. आतड्याच्या कर्करोगाने थोडे महिने उरलेला रुग्ण ते स्वतःबद्दल म्हणतो, तो त्याचा अधिकार. मागे राहणाऱ्यांना ते ऐकवण्याचा अधिकार गुलज़ारांनी कुणालाही दिलेला नाही. सिनेमाच ते सांगतो. शेवटी डॉक्टर भास्कर औषध घेऊन धावत येतो, उशीर झालेला असतो. समोर निपचित पडलेल्या मित्रावर तो खेकसतो की बोल, बडबड कर माझ्याशी. त्याला 'बड़ी' नको असते त्या क्षणी, 'लंबी' हवी असते, निदान आणखी एक वाक्य हवं असतं. आणि मग टेपमधून आवाज येतो. सगळं थिएटर रडतं ते त्या हट्टामुळे, तत्त्वज्ञानामुळे नाही. दुःखाच्या घरी जाताना न्यायचंच असेल तर भास्करचं ते खेकसणं न्यावं. किंवा मुंबईच्या त्या घरातले डॉक्टर कुलकर्णी आणि सुमन न्यावेत. रमेश देव आणि सीमा देव. ती दोघं विशेष काही बोलत नाहीत, दार उघडं ठेवतात.

'थ्री इडियट्स'चं "ऑल इज़ वेल" याच जातीचं. २००९, दिग्दर्शक नागपूरचे राजकुमार हिरानी. रँचो ती गोष्ट सांगतो तेव्हा काही लपवत नाही. गावचा चौकीदार रात्री ओरडत फिरायचा, गाव निवांत झोपायचं, आणि चोरी झाल्यावर कळलं की त्याला रात्री दिसतच नव्हतं. संकट टळत नाही, सोसायचं बळ येतं, हेही तो म्हणतो. इतका प्रामाणिक मंत्र क्वचितच कुणी दिला असेल. आणि मग त्याच गाण्याच्या धुंदीत पोरांनी दुरुस्त केलेलं, कॉलेजातल्याच जॉय लोबोचं उडतं यंत्र वर जातं, खिडकीतून आत डोकावतं आणि कॅमेऱ्यात त्याने घेतलेला फास दिसतो. गाणं तिथेच तुटतं. हिरानींनी आपल्याच मंत्राला त्याच गाण्यात छेद दिला होता. पण कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत ते गाणं वाजतं तेव्हा खिडकीच्या आधी थांबतं. बाळा, ऑल इज़ वेल म्हण, असं सांगून मुलाच्या खोलीचं दार ओढून घेणारे आईबाप मला भेटतात तेव्हा मला चौकीदार आठवतो. डोळ्यांनी अधू होता तो. यांना दिसतं.

टीव्हीतल्या तुझ्या भावंडांना एवढं नाही ओरडणार, त्यातलं एक तर माझं लाडकं आहे. १९९८ला 'सीआयडी' सुरू झालं आणि एके काळी बँकेत नोकरी केलेल्या शिवाजी साटमांनी हाताची बोटं हवेत फिरवत म्हटलं, "कुछ तो गड़बड़ है." दाराचं काय व्हायचं ते हाताखालचा इन्स्पेक्टर दया बघेल. पण आधी शंका घ्यायची आणि शंकेला नाव देता आलं नाही तरी ती तोंडाने बोलून दाखवायची, ही सवय फार चांगली. गुंतवणुकीच्या आकर्षक योजना घेऊन येणाऱ्या नातेवाइकांसमोर मी हे वाक्य मनातल्या मनात म्हणतो. बोटं मात्र टेबलाखाली फिरवतो.

तुझा सगळ्यात कडवा टीकाकार तुझ्याच घरात जन्मला, हेही लिहून ठेवतो. २०१२च्या 'गँग्स ऑफ वासेपुर'मधला रामाधीर सिंग, तिग्मांशू धुलिया यांनी उभा केलेला. लोकांच्या ओठांवर त्याचं "तुमसे न हो पाएगा" आहे. पण तो एकदा निवांत बसून सांगतो की आपण इतकी वर्षं टिकलो ते सिनेमे बघत नाही म्हणून. बाकीच्या सगळ्यांच्या डोक्यात आपापला पिक्चर चालू असतो, प्रत्येकाला त्यात हिरो व्हायचं असतं, आणि जोवर सिनेमा आहे तोवर माणसं मूर्ख बनत राहतील. शब्द त्याचे जरा जास्त झणझणीत आहेत. ते ऐकून मीही मान डोलावली होती. मग पोरवयापासून अमिताभचे सिनेमे बघत वाढलेला फैज़ल येतो आणि हॉस्पिटलात रामाधीरची चाळण करतो. पुढे फैज़लही वाचत नाही. म्हणजे सिनेमा न पाहणाराही गेला आणि पाहणाराही गेला. यातून जे काय शिकायचं ते तूच मला कळव.

तुझा,
शेवटच्या रांगेतला एक प्रेक्षक

ता. क. लोकांना एकदा खडसावून सांग, "कितने आदमी थे" हा प्रश्न सांभाला नव्हता. त्याचं उत्तर कालियाने दिलं, "दो." खडकावर बसलेल्या सांभाला विचारलं होतं ते बक्षिसाबद्दल, आणि तो म्हणाला होता, "पूरे पचास हज़ार." एवढ्या तीन शब्दांवर मॅक मोहन घराघरांत पोचले. ते तरी चुकीच्या प्रश्नाला जोडू नका म्हणावं.